जंगल राखणाऱ्या गावांचा महासंघ: बांधायचा कसा आणि लोकांच्या हातात ठेवायचा कसा

नेपाळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांची मुदत २००२ साली संपली आणि पुढची निवडणूक थेट २०१७ साली झाली. मधली पंधरा वर्षे गावकारभाराला निवडून आलेला माणूसच नव्हता. आधी माओवाद्यांचे युद्ध, मग राजेशाहीचा शेवट, मग संविधानाची लांबलेली चर्चा. या काळात हजारो गावांत एक सभा मात्र भरत राहिली, ती सामुदायिक वन उपभोक्ता समूहाची. लाकूड किती तोडायचे, चारा कधी कापायचा, राखणीची पाळी कोणाची, यंदाच्या पैशातून शाळेचे छप्पर करायचे की पाण्याची टाकी, हे तिथे ठरत होते. पदाधिकारी तिथेच निवडले जात होते आणि तिथेच बदललेही जात होते.

आज नेपाळमध्ये असे २२ हजारांहून अधिक समूह आहेत आणि २० लाख हेक्टरांहून जास्त जंगल त्यांच्या व्यवस्थापनाखाली आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना म्हणजे ‘सामुदायिक वन उपभोक्ता महासंघ, नेपाळ’. १९९५ साली ती स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘फेकोफन’ म्हणतात. जंगलावर जगणाऱ्यांची गावापासून देशापर्यंत निवडणुकीने बांधलेली इतकी मोठी संघटना क्वचितच सापडेल.

आपल्याकडे गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, अमरावती या जिल्ह्यांत सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या ग्रामसभा एकत्र येऊ लागल्या, त्याला आता बरीच वर्षे झाली. गडचिरोलीतल्या कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांची महाग्रामसभा उभी राहिली. तेंदू-बांबूची विक्री, व्यापाऱ्यांशी बोलणी, वनखात्याशी पत्रव्यवहार या गोष्टी एकट्या गावाला झेपत नाहीत, म्हणून हे होणारच होते. जे कार्यकर्ते असा संघ बांधत आहेत किंवा बांधलेला सांभाळत आहेत, त्यांच्यासाठी नेपाळचा तीन दशकांचा अनुभव समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. महासंघाची लोकशाही मी एकाच गोष्टीवरून तपासतो: शेवटच्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, ठराव वरपर्यंत पोहोचतो का, आणि त्याचे उत्तर लेखी स्वरूपात खाली येते का. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी कायद्यातला फरक

नेपाळने १९५७ साली खाजगी जंगलांचे राष्ट्रीयीकरण केले. लोक जे आपले मानून राखत होते ते सरकारचे झाले आणि राखण सुटली. १९७८ पासून जंगल पंचायतींकडे सोपवून पाहिले, पण पंचायत म्हणजे जंगल वापरणारी घरे नव्हेत. १९९३ च्या वन कायद्याने प्रत्यक्ष वापर करणाऱ्या कुटुंबांच्या समूहाला स्वायत्त संस्था मानले. समूह आपले विधान, म्हणजे संस्थेची घटना, नोंदवतो, मग जंगलाची कार्ययोजना करतो आणि वन कार्यालयाच्या मंजुरीने जंगल ताब्यात घेतो. २०१९ साली नवा वन कायदा आला तरी ही घडण कायम आहे. जमिनीची मालकी मात्र सरकारचीच. कार्ययोजनेची मुदत संपली आणि नूतनीकरण रखडले की समूहाची तोड थांबते, विक्री थांबते, उत्पन्नही थांबते.

भारतात २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेचा हक्कच मान्य करतो. तो कोणी मुदतीने दिलेला नाही. पण ग्रामसभांच्या महासंघाला या कायद्यात वेगळे स्थान नाही. हक्कधारक ग्रामसभा आहे, महाग्रामसभा नाही. म्हणून महाग्रामसभेने दर ठरवण्यासाठी बोलणी करावी, निविदेचा मसुदा करून द्यावा, व्यापाऱ्याची माहिती काढावी; करारावर सही मात्र त्या त्या ग्रामसभेनेच करावी आणि पैसाही तिच्याच खात्यात यावा. ही रेघ पहिल्या दिवशी आखली नाही, तर दोन हंगामांत महासंघ हाच मालक होऊन बसतो आणि मग ग्रामसभेला आपलेच पैसे मागावे लागतात.

पहिली पायरी: गावाची सभा खरी आहे का

महासंघ बांधण्याच्या उत्साहात हीच पायरी वगळली जाते. ज्या गावात सभा कागदावर होते, सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात, त्या गावाचा प्रतिनिधी वर जाऊन कोणाचे मत मांडणार? वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. महासंघात घेण्याआधी गावाच्या मागच्या वर्षभराच्या सभांचे रजिस्टर पाहावे. सह्या आहेत का, अंगठे आहेत का, ठराव एकाच हस्ताक्षरात एकाच दिवशी लिहिल्यासारखे दिसतात का. दिसत असतील तर त्या गावाला नकार देऊ नये. त्याच्याबरोबर सहा महिने बसावे, तीन-चार सभा नीट होऊ द्याव्यात आणि मग सदस्यत्व द्यावे.

सदस्यांच्या यादीचेही तसेच. नेपाळमध्ये सुरुवातीला घरटी एक नाव असे आणि ते घरच्या पुरुषाचे असे. पुढे २००९ च्या सरकारी मार्गदर्शिकेने घरातले एक स्त्री आणि एक पुरुष अशी दोन नावे नोंदवायला सांगितले. आपल्या कायद्यात प्रत्येक प्रौढ माणूस ग्रामसभेचा सदस्य आहे, त्यामुळे आपण एक पाऊल पुढेच आहोत. पण प्रत्यक्षात रजिस्टरवर नवऱ्याच्या सहीखाली बायकोचे नाव तोच लिहून मोकळा होतो. हे थांबवायला हवे.

आणखी एक नेपाळी पद्धत मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे घरांची संपन्नतेनुसार वर्गवारी. एका कार्डावर एका कुटुंबाचे नाव लिहितात आणि टोल्यातले लोक ओट्यावर गोल करून बसतात. पहिले कार्ड उचलले जाते. या घराचे धान्य वर्षभर पुरते की चैतातच संपते? मुलगा परदेशी मजुरीला गेला आहे, पण पैसे पाठवतो का? शेत नावावर आहे, पण बैलजोडी आहे का? वाद होतो, कोणी हसते, कोणी गप्प बसते आणि कार्ड एका ढिगात जाते: संपन्न, मध्यम, विपन्न किंवा अतिविपन्न. सगळी कार्डे संपली की यादी मोठ्याने वाचतात आणि हरकती घेतात. नेपाळच्या आजच्या नियमांनुसार समूहाच्या उत्पन्नातले किमान २५ टक्के जंगलावर खर्च करायचे असतात, आणि उरलेल्यातला किमान अर्धा वाटा गरिबी कमी करणे, महिलांचे सक्षमीकरण आणि उद्योग यांवर. गावात गरीब कोण हे गावानेच उघडपणे ठरवलेले नसेल, तर हा पैसा ओळखीच्या घरी जातो. महासंघाने आपल्या प्रत्येक गावाकडून ही वर्गवारी करून घ्यावी, कारण प्रतिनिधी निवडतानाही हीच यादी लागणार आहे.

दुसरी पायरी: मत कोणाचे, गावाचे की माणसाचे

फेकोफनचा सदस्य हा उपभोक्ता समूह आहे. एकटा माणूस, कितीही मोठा असो, थेट महासंघाचा सदस्य होत नाही. त्याला आधी आपल्या गावच्या समूहात बसावे लागते. हे तत्त्व जसेच्या तसे घ्यावे. व्यक्तिगत सदस्यत्व उघडले की शहरातले हितचिंतक, निवृत्त अधिकारी, संस्थाचालक आत येतात आणि त्यांना भाषणही छान करता येते. सल्लागार मंडळ वेगळे करून त्यांना सन्मानाने तिथे बसवावे, मत देऊ नये.

प्रत्येक गावाला एक मत द्यायचे, की लोकसंख्येप्रमाणे, की जंगलाच्या आकाराप्रमाणे? नेपाळमध्ये बहुतेक समूह डोंगराळ भागातले, पण साल वृक्षाचे मोलाचे लाकूड तराईत, म्हणजे दक्षिणेच्या सपाट पट्ट्यात. गावागणिक मत धरले तर डोंगर वरचढ, उत्पन्न धरले तर तराई. आपल्याकडे तीस घरांचा टोला आणि तीनशे घरांचे गाव एकाच तालुक्यात असते. माझा कल स्पष्ट आहे: प्रत्येक ग्रामसभेला समान प्रतिनिधी. हक्क कायद्याने ग्रामसभेला दिला आहे, डोक्यांच्या संख्येला नाही. आणि छोट्या टोल्याला समान वजन मिळाले नाही तर तो महासंघात येऊन करील काय? तेंदूच्या दरासारखा प्रश्न जिथे मालाच्या प्रमाणात प्रत्येकाचे हित वेगळे असते, तिथे वेगळी विक्री समिती करावी आणि तिच्यात जास्त माल देणाऱ्या गावांना थोडे अधिक स्थान द्यावे. पण धोरण आणि पदे ठरवणारी सभा समान मतांचीच असावी.

गावागणिक प्रतिनिधी चार असावेत, दोन स्त्रिया आणि दोन पुरुष. एकच प्रतिनिधी असला की तोच कायमचा होतो आणि त्याचे घर हेच महासंघाचे गावातले कार्यालय बनते. चारपैकी किमान एक जण विपन्न किंवा अतिविपन्न यादीतल्या घरचा असावा. प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी महासंघाने द्यावी, नाहीतर गरीब घरचा प्रतिनिधी दुसऱ्या बैठकीपासून येणार नाही आणि त्याला दोष देता येणार नाही.

तिसरी पायरी: मजले किती

नेपाळमध्ये गावचा समूह, मग खालच्या स्तरावरच्या समित्या, मग जिल्हा आणि मग राष्ट्रीय समिती अशी उतरंड होती. २०१५ च्या संविधानाने सात प्रांत झाले तेव्हा प्रांताचाही मजला आला, कारण वनप्रशासनाचा मोठा भाग प्रांताकडे गेला. यातून एवढेच घ्यावे की जिथे सरकारचा निर्णय होतो तिथेच संघटनेचा मजला हवा; बाकीचे मजले नुसते खर्चाचे.

महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा पुरेसे आहेत, आणि राज्यस्तरावर एक हलकी समन्वय समिती. तालुक्याच्या सभेला माणूस सकाळी निघून संध्याकाळी घरी परतला पाहिजे. मुक्कामी बैठक म्हटली की लहान मूल असलेली बाई गळते, गुरे असलेला माणूस गळतो आणि शेवटी मोटारसायकलवाले पुरुष उरतात.

चौथी पायरी: विधान लिहिणे

विधान वकिलाकडून आयते आणू नये. आधी प्रत्येक गावात प्रश्न न्यावेत: मुदत किती, काढून टाकायचे कसे, वर्गणी किती, हिशेब कोणी तपासायचा. गावांची उत्तरे तालुक्यात आणून मसुदा करावा, तो पुन्हा गावांत वाचून दाखवावा आणि मग मंजूर करावा. याला एक हंगाम जातो, तो जाऊ द्यावा.

पदाधिकाऱ्यांची मुदत आणि सलग किती वेळा हे पहिल्याच विधानात लिहावे. सलग दोन मुदतींनंतर त्या पदापासून एक मुदत दूर, हा नियम संस्थापकांना लागू होत नसेल तर तो नियमच नव्हे. पदाधिकारी विधानसभेला किंवा जिल्हा परिषदेला उभा राहिला, किंवा कोणत्याही पक्षाच्या समितीत पद घेतले, तर महासंघातले पद त्या दिवशी आपोआप रिकामे होते असे लिहावे. ‘राजीनामा द्यावा’ असे लिहिले तर राजीनामा येत नाही. विधान बदलायला किती गावांची संमती लागेल तेही लिहावे. ही संमती गावाच्या लेखी ठरावाने असावी, सभागृहात हात वर करून नव्हे.

पाचवी पायरी: निम्म्या जागा, आणि त्या जागांचे वजन

फेकोफनच्या विधानानुसार प्रत्येक स्तरावरच्या कार्यसमितीत किमान निम्म्या महिला असतात. २००९ च्या मार्गदर्शिकेने गावच्या समित्यांसाठीही निम्म्या जागा आणि अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक पद महिलेला, असे सांगितले. अप्सरा चापागाईं आणि भारती पाठक या महासंघाच्या राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. हे एका दिवसात घडले नाही. गावच्या समितीत ज्या बायका वर्षानुवर्षे बसत होत्या, त्यांच्यातूनच पुढचे नेतृत्व वर आले.

संख्येचा परिणाम होतो का, या प्रश्नाला आता पुरावा आहे. अर्थतज्ज्ञ बिना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा अभ्यास केला. समितीत महिलांचे प्रमाण चौथाई ते एक तृतीयांशावर गेले की त्या बैठकीला येण्याचे आणि बोलण्याचे प्रमाण ठळकपणे वाढते, असे त्यांना आढळले. एकट्या बाईला बोलता येत नाही, चौघीजणी असल्या की एक बोलते आणि तिघी मान डोलावतात. इतके साधे आहे ते.

पण खुर्ची मिळाली म्हणजे अधिकार मिळाला असे नाही. मी पाहिलेल्या बैठकांत खजिनदार बाई असते, चेकबुक मात्र सचिवाच्या पिशवीत असते आणि कोऱ्या चेकवर तिच्या सह्या आधीच घेतलेल्या असतात. यावर उपाय अगदी रोखठोक आहे. चेकबुक खजिनदाराच्या घरी राहील आणि सही सभेत, रक्कम वाचून दाखवल्यावरच होईल, असा ठराव करावा. बँकेत जायचे तेव्हा ती स्वतः जाईल. पासबुकातली शिल्लक दर बैठकीत तीच सांगेल. पहिल्या दोन बैठकांत अडखळेल, तिसऱ्यापासून तिला अडवायची कोणाची टाप होणार नाही.

बैठकीची वेळही महिलांनाच ठरवू द्यावी. मोहफुलाच्या हंगामात पहाटेपासून दुपारपर्यंत बाई जंगलात असते आणि तेंदूच्या दिवसांत संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर. तेव्हा बैठक लावून ‘बायका येत नाहीत’ म्हणणे अन्यायाचे आहे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या गावांत बैठक त्या भाषेत चालावी आणि इतिवृत्त मराठीत लिहावे. उलटे केले तर अर्धी सभा श्रोत्यांची होते.

सहावी पायरी: निवडणूक

इथे थोडे थांबून लिहितो, कारण सगळ्यांत जास्त घसरण इथेच होते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावच्या ग्रामसभेने सर्वसहमतीची रीत घालून दिली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावची. २००९ साली सामूहिक वनहक्काचा दावा मान्य झालेल्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते आणि २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार त्याच्या ग्रामसभेच्या हाती आला. तिथे सहमती चालते, कारण माणसे रोज एकमेकांना भेटतात आणि एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलायची त्यांची तयारी असते. हीच रीत महासंघाच्या निवडणुकीला लावली की तिचा अर्थ बदलतो. तिथे ‘सहमती’ आदल्या रात्री, चार माणसांच्या खोलीत होते. नेपाळमध्ये महासंघाची पदे राजकीय पक्षांच्या बळाप्रमाणे वाटून घेतली जातात, अशी टीका सातत्याने होत आली आहे. फेकोफनचे बळ मोठे आहे म्हणूनच पक्षांना ती हवीशी वाटते. आपल्या महाग्रामसभांचे बळ वाढेल तसे हे आपल्याकडेही येणार, काही ठिकाणी आलेच आहे.

म्हणून माझे सांगणे असे: धोरणाचे निर्णय शक्यतो सहमतीने, पदांच्या निवडी मात्र नेहमी गुप्त मतदानाने, अगदी एकच उमेदवार असला तरी, ‘नाही’ म्हणायची सोय ठेवून.

प्रक्रिया अशी चालवावी. निवडणुकीच्या दीड महिना आधी तीन माणसांची निवडणूक समिती नेमावी. तिच्यातले कोणीही उमेदवार नसेल आणि शक्यतो तिघे तीन वेगळ्या भागांतले असतील, त्यात किमान एक महिला. समिती सगळ्या गावांकडून प्रतिनिधींची नावे ठरावासह मागवते. ठराव नसेल तर नाव धरायचे नाही, मग तो प्रतिनिधी कितीही जुना असो. महिनाभर आधी प्रतिनिधींची कच्ची यादी प्रत्येक गावात लावायची आणि हरकतींसाठी पंधरा दिवस द्यायचे. यादी पक्की झाल्यावर तीत एकही नाव वाढवायचे नाही. शेवटच्या रात्री घुसवलेली नावे हाच बहुतेक भांडणांचा उगम असतो.

उमेदवारांनी जेवणावळी घालायच्या नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाला सभेत सारखा वेळ द्यावा आणि गावांनी प्रश्न विचारावेत: मागच्या मुदतीत किती बैठकांना होतात? आमच्या गावात किती वेळा आलात? वाहतूक परवान्याच्या प्रश्नावर काय केले? मतपत्रिकेवर नावाबरोबर चिन्ह हवे, आणि तेही रोजच्या वापरातले: कुऱ्हाड, सूप, टोपली, मडके. मतदान पडद्याआड. मोजणी सर्वांसमोर, एकेक पत्रिका उघडून, चिन्ह मोठ्याने सांगून. निकाल फळ्यावर रेघा मारत. हे सगळे होऊन आठवड्यात जुन्या समितीने नव्या समितीला रजिस्टर, शिक्का, पासबुक, करारांच्या प्रती आणि कोर्टाची कागदपत्रे यादी करून द्यावीत. त्या यादीवर दोन्ही समित्यांच्या सह्या घ्याव्यात.

सातवी पायरी: ठराव वर, उत्तर खाली

निवडणूक तीन-चार वर्षांतून एकदा येते. मधल्या काळात लोकांचा हात महासंघावर कसा राहील, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर म्हणजे लेखी ठरावांचे नियमित दळणवळण.

तालुक्याच्या बैठकीची विषयपत्रिका किमान पंधरा दिवस आधी गावात गेली पाहिजे. गावाने त्यावर सभा घेऊन आपल्या चौघांना काय बोलायचे ते ठरवून द्यावे. ठराव लांबलचक नको. एक नमुना देतो:

‘आज दिनांक अमुक रोजी भरलेल्या ग्रामसभेत तेंदूपत्ता विक्रीच्या विषयावर चर्चा झाली. हजर: महिला ३४, पुरुष ४१. ठरले की, बोनसची तारीख करारात लिहिलेली नसेल तर आमची ग्रामसभा सामूहिक निविदेत भाग घेणार नाही. दराबाबत आमचे प्रतिनिधी इतर गावांचे ऐकून निर्णय घेऊ शकतात. तारखेबाबत मात्र त्यांना सूट नाही.’

शेवटची दोन वाक्ये महत्त्वाची. प्रतिनिधीला कुठे मोकळीक आहे आणि कुठे नाही, हे गावाने सांगितले की तो दबावाखाली येत नाही. ‘माझ्या गावाने सूट दिलेली नाही’ हे वाक्य व्यापाऱ्यापुढे, आमदारापुढे आणि महासंघाच्या अध्यक्षापुढेही चालते.

बैठक झाली की आठवड्याच्या आत एका पानाचे इतिवृत्त प्रत्येक गावात पोहोचावे. त्यात तीन रकाने हवेत: गावाने काय मागितले, काय ठरले आणि मागणी मान्य झाली नसेल तर का नाही. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर महासंघ आजारी आहे असे समजावे. व्हॉट्सॲपवर फोटो टाकणे पुरेसे नाही. अनेक गावांत नेटवर्क नाही, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनाच हे कळणे जास्त गरजेचे असते. प्रतिनिधीने तो कागद गावच्या सभेत वाचून दाखवावा आणि वाचल्याची नोंद गावाच्या रजिस्टरात व्हावी. सलग दोन बैठकांचा वृत्तांत गावात वाचला नाही, तर त्या गावाने नवे प्रतिनिधी पाठवावेत.

आठवी पायरी: पैसा

पैसा ज्याचा, त्याच्याकडे माणूस आपोआप तोंड करून बसतो. फेकोफनच्या इतिहासात परदेशी मदतीच्या प्रकल्पांचा वाटा मोठा आहे. ‘हरियो वन’सारख्या मोठ्या कार्यक्रमात ती भागीदार संस्था होती. त्या पैशातून प्रशिक्षणे झाली, कायदा गावोगाव पोहोचला, हे खरे. पण देणगीदाराचा अहवाल तिमाहीला द्यावा लागतो आणि गावाला हिशेब वर्षाला, अशी स्थिती आली की कार्यालयाची घडी देणगीदाराच्या कामाभोवती बसते. प्रकल्प संपला की माणसे जातात, भाडे थकते.

म्हणून महासंघाचा चालू खर्च, म्हणजे बैठका, प्रवास, एक खोली, एक कारकून, हा गावांच्या वर्गणीतूनच भागला पाहिजे. तेवढाच भागेल एवढाच खर्च ठेवावा. वर्गणी दोन भागांत घ्यावी: प्रत्येक गावाकडून एक सारखी छोटी रक्कम आणि तेंदू-बांबूच्या उत्पन्नातला एक लहान, सर्वांनी मिळून ठरवलेला टक्का. प्रकल्पाचा पैसा स्वतंत्र खात्यात ठेवावा. तो घ्यायचा की नाही हे कार्यसमितीने नव्हे, गावांच्या प्रतिनिधी सभेने ठरवावे, अटी वाचून. अट गावाच्या हक्काला बाधक असेल तर नाही म्हणायची धमक हवी, आणि ती धमक वर्गणी वेळेवर आली तरच येते.

हिशेबासाठी सनदी लेखापालाचा अहवाल लागतोच, पण लोकांना तो कळत नाही. नेपाळच्या समूहांत सार्वजनिक लेखापरीक्षणाची रीत आहे. मोठ्या कागदावर जमा आणि खर्च ठळक लिहून भिंतीवर लावतात, मूळ पावत्या टेबलावर ठेवतात आणि कोणीही उठून विचारू शकतो. ही सभा चालवणारा माणूस पदाधिकारी नसावा. पहिला प्रश्न विचारायला लोक कचरतात, म्हणून सुरुवात लहान रकमेने करावी: ‘चहा-नाश्त्याला एवढे कसे?’ एकदा चहाचा हिशेब निघाला की गाडीभाड्याचा निघतो, आणि मग कराराचा. ज्या प्रश्नांची उत्तरे सभेत मिळाली नाहीत ती लिहून ठेवावीत आणि त्यांना उत्तराची तारीख द्यावी.

नववी पायरी: पगारी माणसे

कार्यकर्ता आणि कर्मचारी वेगळे ठेवावेत. पगार घेणाऱ्याने निवडणूक लढवू नये, निवडून आलेल्याने पगार घेऊ नये. फक्त प्रवास आणि बुडालेली मजुरी. मदत करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा माणूस इतिवृत्त लिहून देईल, पण पत्रावर सही करणार नाही आणि माध्यमांशी महासंघाच्या नावाने बोलणार नाही.

दहावी पायरी: सरकारशी बोलणी, आणि लढा

२०१४ साली नेपाळ सरकारने हिमालयाच्या पायथ्याच्या चुरे टेकड्यांचा मोठा पट्टा संरक्षण क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्या पट्ट्यात हजारो गावे आणि त्यांची सामुदायिक वने होती. फेकोफनने विरोध केला तो संरक्षणाला नव्हे, गावांना न विचारता निर्णय वर नेण्याला. त्यानंतरच्या वर्षांत समूहांच्या उत्पन्नावर वेगवेगळ्या स्तरांच्या सरकारांनी वाटा मागायला सुरुवात केली, तिथेही महासंघ उभा राहिला. हे करता येते, कारण जिल्ह्याजिल्ह्यांत खालून जोडलेली माणसे आहेत. राजधानीत निवेदन देणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. गावच्या ठरावांचा गठ्ठा टेबलावर ठेवणारी एखादीच.

बोलणीला कधीही एकटा अध्यक्ष जाऊ नये. किमान पाच जण, त्यात दोन महिला, आणि ज्या गावाचा प्रश्न आहे त्या गावचा एक माणूस हवाच. आत जाण्याआधी आपली शेवटची रेघ कोणती हे लिहून ठेवावे. साहेबांनी तोंडी दिलेले आश्वासन बाहेर आल्यावर लगेच पत्राने त्यांनाच कळवावे: ‘आजच्या भेटीत आपण असे सांगितले.’ आंदोलन करायचे की नाही हा निर्णय ग्रामसभांच्या ठरावाने व्हावा आणि किती गावांनी ठराव दिला की आंदोलन, हा आकडा आधीच विधानात असावा. केसेस अंगावर येतात त्या गावच्या पोरांच्या. ठराव त्यांच्या गावाचा असेल तर पुढची दहा वर्षे कोर्टाच्या तारखांना गाव त्यांच्याबरोबर जाते.

अकरावी पायरी: तक्रार, माघारी बोलावणे, बाहेर पडणे

दोन गावांच्या हद्दीचा वाद महासंघाच्या कार्यसमितीपुढे नेऊ नये, तिच्यात दोन्हींपैकी एकाचे वजन जास्त असतेच. शेजारच्या तीन तटस्थ गावांचे पंच नेमावेत, हद्द प्रत्यक्ष चालून पाहावी, जुनी झाडे, नाले, निस्तारपत्रक (गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांची सरकारी नोंद) बघून लिहावे. पदाधिकाऱ्याविरुद्धची तक्रार मात्र वेगळी, तीन माणसांची समिती ऐकते आणि ठरलेल्या मुदतीत निकाल देते. तो निकाल मान्य नसेल तर प्रतिनिधी सभेकडे जाता येते.

माघारी बोलावण्याची सोय स्पष्ट असावी: एक तृतीयांश ग्रामसभांनी लेखी ठराव दिला की महिन्याभरात प्रतिनिधी सभा बोलावावीच लागेल. अध्यक्षाने ती बोलावली नाही, तर ठराव देणाऱ्या गावांनाच ती बोलावता येईल. ही दुसरी ओळ नसेल तर पहिली कागदावरच राहते.

आणि गावाला महासंघातून बाहेर पडता आले पाहिजे. त्यासाठी ग्रामसभेचा एक ठराव आणि चालू कराराची मुदत संपेपर्यंतची थांबण्याची अट, एवढे पुरे. बाहेर पडणाऱ्या गावाची शिल्लक राहिलेली वर्गणी, त्याच्या वाट्याचे बोनसचे पैसे आणि त्याच्या नावचे कागद परत करण्याची मुदत विधानात लिहून ठेवावी: तीस दिवस.